ऋणाईत विद्यार्थी

डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे घटनेचे शिल्पकार उभे राहतात. महाडच्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेणारा नेता उभा राहतो, नागपूरला लाखोंच्या समुदायासह बुद्धाला शरण गेलेला महामानव उभा राहतो. गावोगावच्या पुतळ्यांतून सुटाबुटातील, हाती ग्रंथ घेतलेले बाबासाहेब आपल्याला रोज दिसतात. या साऱ्या चित्रांत एक चित्र मात्र सहसा नसते. ते आहे कर्ज काढून शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे.

आपल्या महाविद्यालयांत जयंतीच्या दिवशी भाषणे होतात, तेव्हा बाबासाहेब किती कष्टात शिकले, हे आवर्जून सांगितले जाते. ते खरेच आहे. पण त्यातून निघणारे तात्पर्य बहुधा एकच असते : त्यांनी एवढ्या गरिबीत शिकून दाखवले, मग तुम्हाला का जमू नये? या तात्पर्यात काहीतरी राहून जाते. नुसत्या कष्टाने न्यूयॉर्कचे भाडे भरता येत नाही आणि नुसत्या जिद्दीने लंडनची फी देता येत नाही. ते पैसे कोणीतरी दिले होते. काही दान म्हणून दिले, काही अटींवर दिले, काही उसने दिले. बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेचा हा जमाखर्च मांडून पाहिला, तर त्यांचे चरित्र आपल्याला, म्हणजे आजच्या विद्यार्थ्यांना, अधिक जवळचे वाटेल असे मला वाटते.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडव्याचे. वडील रामजी सकपाळ लष्करात सुभेदार होते आणि लष्करी शाळेत त्यांनी अध्यापन केले होते. आई भीमाबाई मुलगा पाच-सहा वर्षांचा असतानाच वारली. पुढे सातारा आणि मग मुंबई असे या कुटुंबाचे बिऱ्हाड हलत गेले. सुभेदारांचे पेन्शन महिना पन्नास रुपये. मुंबईत परळच्या चाळीत एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच निजायची खोली आणि तीच अभ्यासिका. मुलाने रात्री अभ्यास करावा म्हणून बाप त्याला लवकर निजवी, स्वतः जागत बसे आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून मग स्वतः अंग टाकी.

मुलाला पुस्तकांची विलक्षण ओढ होती. शाळेच्या पुस्तकांवर त्याचे भागत नसे. पुस्तक हवे म्हटले की सुभेदार घराबाहेर पडत आणि लग्न होऊन मुंबईतच राहणाऱ्या आपल्या लेकीकडे जात. तिच्याकडे पैसे असले तर ठीक, नसले तर दुसऱ्या लेकीकडे. तिच्याजवळही पैसे नसत तेव्हा ती अंगावरचा एखादा दागिना उतरवून देई. बापानेच लग्नात घातलेला तो दागिना मारवाड्याकडे गहाण पडे आणि पुस्तक घरी येई. पेन्शन हाती पडले की सुभेदार तो सोडवून लेकीला परत करीत. भीमरावांच्या शिक्षणासाठी काढलेले पहिले कर्ज हे असे होते. त्याला कागद नव्हता, व्याज मात्र होते, आणि तारण होते एका बहिणीचा दागिना.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या काळी महार समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही एवढी मोठी गोष्ट होती की अभिनंदनाची सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळूसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. केळूसकरांचे उपकार एवढ्यावर थांबले नाहीत. भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेले, इंटर झाले आणि सुभेदारांची ऐपत संपली. तेव्हा केळूसकरांनी बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांच्या कानी ही गोष्ट घातली. महाराजांनी मुलाला बोलावून पाहिले, प्रश्न विचारले आणि महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. कॉलेजातील प्रा. म्यूलर यांनी पुस्तके दिली, कपडे दिले. १९१२ साली भीमराव बी. ए. झाले.

जानेवारी १९१३ मध्ये ते बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. वडिलांच्या मनातून मुलाने तेथे जाऊ नये असे होते. थोड्याच दिवसांत सुभेदार अत्यवस्थ असल्याची तार आली. परतीच्या वाटेवर सुरत स्टेशनात वडिलांसाठी मिठाई घ्यायला भीमराव उतरले आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा सुभेदार शेवटच्या घटका मोजीत होते. २ फेब्रुवारी १९१३ ला ते गेले. ज्याने लेकीचे दागिने गहाण टाकून मुलाला पुस्तके दिली, त्याला त्या मुलाच्या शिक्षणाची फळे काही पाहता आली नाहीत.

सयाजीराव महाराज त्याच सुमारास काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवण्याचा विचार करीत होते. भीमरावांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. ४ जून १९१३ रोजी बडोद्याला करारावर सह्या झाल्या. संस्थान तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड देणार. विद्यार्थ्याने ठरलेला अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करायची. सही करणारा तरुण बावीस वर्षांचा होता. घरी पत्नी रमाबाई आणि काही महिन्यांचा मुलगा यशवंत.

या करारात वावगे काही नव्हते, हे आधीच सांगितले पाहिजे. आपल्या प्रजेच्या पैशातून शिकवलेल्या माणसाचा उपयोग आपल्या राज्याला व्हावा, असे कोणत्याही विचारी राजाला वाटणारच. आणि सयाजीरावांसारखा राजा त्या काळी विरळाच. पण करार काळजीपूर्वक पाहिला तर त्यात एकाच बाजूच्या कर्तव्यांचा हिशेब आहे. विद्यार्थी नोकरी करील, हे लिहिले होते. त्याला ती नोकरी माणसासारखी करू दिली जाईल, हे कोठेही लिहिलेले नव्हते. ते लिहिण्याची गरज आहे, असे सही करणाऱ्या कोणाच्याच मनात तेव्हा आले नसावे.

जुलै १९१३ मध्ये भीमराव न्यूयॉर्कला पोचले. साडेअकरा पौंडांत राहायचे, जेवायचे, शिकायचे आणि घरीही काही पाठवायचे. नाटक-सिनेमा, हिंडणे-फिरणे यांना त्या हिशेबात जागा नव्हती. खर्च होई तो जुन्या पुस्तकांच्या दुकानांत. तेथून त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके जमवली असे सांगतात. पण न्यूयॉर्कने त्यांना जे दिले ते पैशात मोजण्यासारखे नव्हते. वर्गात, भोजनगृहात, ग्रंथालयात त्यांची जात कोणी विचारत नव्हते. सेलिग्मनसारखा अर्थशास्त्रज्ञ त्यांचा गुरू झाला. १९१५ साली एम. ए. झाले. १९१६ च्या मे महिन्यात भारतातील जातींवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचला गेला. त्याच वर्षी पीएच. डी. चा प्रबंध सादर झाला. आणि तेथेच, वसतिगृहात, नवल भथेना नावाचा एक पारशी विद्यार्थी त्यांचा मित्र झाला. हे नाव आपण लक्षात ठेवू.

तीन वर्षे संपली. भीमरावांनी मुदतवाढ मागितली. एक वर्ष मिळाले. १९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. पण वर्ष सरताच बडोद्याहून परतीचे बोलावणे आले. अभ्यास अर्ध्यावर सोडणे भाग होते. प्रा. कॅनन यांच्या प्रयत्नाने एवढे झाले की चार वर्षांच्या आत परत येऊन राहिलेला अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळाली. दिवस पहिल्या महायुद्धाचे होते. भीमराव सुखरूप पोचले, पण त्यांचे सामान आणि पुस्तके ज्या बोटीवर होती ती वाटेत बुडवली गेली. सामानाच्या नुकसानभरपाईचे जे पैसे मिळाले, त्यातूनच बडोद्याला जाण्याचा आणि मागे घरखर्चाचा बंदोबस्त झाला. अमेरिकेची आणि विलायतेची विद्या घेऊन आलेला पदवीधर बुडालेल्या सामानाच्या भरपाईवर नोकरीला रुजू होण्यासाठी निघाला होता. आपण कराराने बांधले गेलो आहोत, तो पाळलाच पाहिजे, ही त्यांची भूमिका स्वच्छ होती.

सप्टेंबर १९१७ मधील बडोद्याचे ते दिवस सर्वश्रुत आहेत, तरी थोडक्यात सांगायलाच हवेत. स्टेशनवर घ्यायला कोणी आले नाही. हिंदू खाणावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. एका पारशी धर्मशाळेत दिवसाला दीड रुपया देऊन, नाव बदलून ते राहिले. कचेरीत शिपाई कागदपत्रे हातात न देता लांबून टेबलावर टाकीत. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघत असताना हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत खोली सोडण्याचे फर्मावले. संस्थानाचा बंगला मिळावा अशी त्यांनी विनंती केली होती, तिचा निकाल लागला नव्हता. दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागून पाहिला. एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही अडचणी सांगितल्या. कामाठी बागेत झाडाखाली पाच तास बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

येथे थांबून एक साधा हिशेब करू. करार दहा वर्षांचा होता. नोकरी झाली बोटांवर मोजण्याइतक्या दिवसांची. मग करार मोडला कोणी? कागदाच्या दृष्टीने पाहिले तर विद्यार्थ्याने. तो नोकरी सोडून निघून गेला. पण ज्या शहरात डोके टेकायला जागा मिळत नाही आणि कचेरीत हातातून कागद घेतला जात नाही, तेथे नोकरी करायची कशी? भीमरावांना कर्ज बुडवायचे नव्हते. ते फेडण्याची वाट समाजाने बंद केली होती. कागद मात्र तेवढाच राहिला. बडोद्याच्या दप्तरात त्यांच्या शिक्षणावर झालेला खर्च येणे म्हणून उभा राहिला आणि परतफेडीच्या मागणीने पुढे कित्येक वर्षे त्यांची पाठ सोडली नाही. अखेरीस संस्थानाने ती रक्कम सोडून दिली.

दुसराही एक हिशेब आहे. बडोद्याने त्यांना नीट वागवले असते, एखादा बंगला दिला असता, तर करारानुसार ते १९२७ च्या सप्टेंबरपर्यंत संस्थानचे अधिकारी राहिले असते. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो १९२७ च्या मार्चमध्ये. म्हणजे नोकरीची दहा वर्षे संपायच्या आतच. अर्थात म्हणून बडोद्यातला अपमान चांगला ठरत नाही. अपमानामुळे माणसे मोठी होतात, असे म्हणणे हे अपमान करणाऱ्यांच्याच सोयीचे असते. सांगायचे एवढेच की शिक्षणासाठी घेतलेले कर्ज केवळ पैशात फेडावे लागत नाही. ते आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे मागते. वीस-बावीसच्या वयात केलेली सही पस्तीस वर्षांच्या माणसाने काय करावे आणि काय करू नये, हे ठरवून टाकते.

मुंबईत परतल्यावर भीमरावांनी शिकवण्या केल्या. शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देणारी छोटी पेढी काढून पाहिली. सल्ला देणारा महार आहे हे कळताच गिऱ्हाइके थांबली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली, पगार साडेचारशे रुपये. त्या काळी हा पगार भरभक्कम होता. पण बिऱ्हाड परळच्या चाळीतच राहिले, घरखर्चाला मोजके पैसे आणि उरलेले सारे शिल्लक. कारण लंडनची चार वर्षांची मुदत डोक्यावर होती.

शिल्लक पुरेशी नव्हतीच. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. बाकीची सोय नवल भथेनांनी केली. त्यांनी पाच हजार रुपये उसने दिले. बडोद्यात काठ्या घेऊन आलेले पारशीच होते आणि पाच हजार काढून देणाराही पारशीच होता. म्हणून कोणत्याही समाजाला सरसकट चांगला किंवा वाईट म्हणताना आपण जपून बोलावे.

जुलै १९२० मध्ये भीमराव पुन्हा लंडनला निघाले. तेथील दिनक्रम ठरलेला. सकाळी ब्रिटिश म्युझियमचे दार उघडण्याआधी हजर, संध्याकाळी दार लागेपर्यंत आत. रात्री खोलीवर पुन्हा वाचन. पोटात काय, तर सकाळचा तुटपुंजा नाश्ता, रात्री एखादा कप कढत पेय आणि मित्राने दिलेले पापड भाजून. इकडे मुंबईत रमाबाई दोन खोल्यांत संसार रेटीत होत्या.

याच काळात असे काही घडले की ते कोणा कादंबरीकाराने लिहिले असते तर आपण अतिशयोक्ती म्हटले असते. भीमरावांचा अभ्यासाचा विषय होता रुपयाचा प्रश्न, म्हणजे रुपयाचे मोल कसे ठरते आणि का बदलते. आणि नेमका त्याच दिवसांत रुपया कोसळत होता. १९२० साली सरकारने रुपयाचा दर दोन शिलिंग ठरवला. बाजारात तो टिकला नाही. १९२१ साली तो दीड शिलिंगाच्याही खाली गेला. हिशेब सोपा आहे. दोन शिलिंगांच्या दराने पाच हजार रुपयांचे पाचशे पौंड होतात. दर एक शिलिंग चार पेन्सवर आला की तेच पाच हजार रुपये जेमतेम तीनशे तेहतीस पौंडांचे उरतात. विद्यार्थ्याने एक पैसाही उधळला नाही, तरी त्याच्या पुंजीचा तिसरा हिस्सा हवेत विरला! सप्टेंबर १९२१ मध्ये त्यांना शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांची मागणी करावी लागली. हुंडणावळीच्या दराने आपण अडचणीत आलो आहोत, हे त्यांनी त्यात कळवले आणि रक्कम कर्जाऊ मागितली, व्याजासह परत करण्याच्या बोलीवर.

पुढे ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ लिहिताना त्यांनी जो विचार मांडला, त्यात चलनाच्या अस्थिरतेचा भार अखेर कोणावर पडतो, याची जाण जागोजाग दिसते. ती जाण केवळ म्युझियममधल्या अहवालांतून आली असेल असे मला वाटत नाही. ज्याच्या खिशातले पैसे अभ्यास चालू असतानाच आटत होते, त्याला हा प्रश्न पुस्तकी कसा वाटणार?

१९२१ साली ते एम. एस्सी. झाले, १९२२ साली बॅरिस्टर झाले. डी. एस्सी. चा प्रबंध परीक्षकांनी काही भाग पुन्हा लिहायला सांगून परत केला. पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले आणि फेरलेखन येथूनच करून पाठवले. वर्षअखेर पदवी मिळाली, ग्रंथही प्रसिद्ध झाला. आता हायकोर्टात वकिली करायची, तर सनद हवी आणि सनदेला पैसे हवेत. ते नव्हते! दोन विद्यापीठांच्या सर्वोच्च पदव्या मिळवलेल्या बॅरिस्टराला सनदेसाठी पुन्हा भथेनांचाच आधार घ्यावा लागला. वकिलीत सुरुवातीला अशिले फिरकेनात. १९२५ पासून काही वर्षे बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवून त्यांनी संसाराला हातभार लावला. या साऱ्या वर्षांत घराने काय सोसले ते एका वाक्यात सांगता येते. पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव हाती लागले. १९३५ च्या मे महिन्यात रमाबाईही गेल्या.

बाबासाहेबांच्या पुढच्या कार्याचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे, तो येथे सांगत नाही. या लेखाचा प्रश्न एवढाच आहे की त्यांनी आपले ऋण कसे फेडले?

त्यांच्या ग्रंथांची अर्पणपत्रिका हे त्याचे एक उत्तर आहे. रुपयाच्या प्रश्नावरचा ग्रंथ त्यांनी आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केला. १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा ग्रंथ त्यांनी शिक्षणात केलेल्या साहाय्याबद्दल कृतज्ञता म्हणून सयाजीराव महाराजांना अर्पण केला. बडोद्याच्या मागणीची टांगती तलवार आणि कामाठी बागेतले पाच तास यांतले काहीही त्या कृतज्ञतेच्या आड आले नाही. देणारा राजा आणि छळणारे शहर यांतला फरक त्यांनी कधी पुसला नाही. आणि १९४० साली पाकिस्तानच्या प्रश्नावरचा ग्रंथ त्यांनी रमाबाईंच्या स्मृतीला वाहिला. रमाबाईंनी कोणत्याही करारावर सही केली नव्हती. तरी सर्वांत जबर हप्ते त्यांनीच भरले.

दुसरे उत्तर याहून मोठे आहे. १९४२ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्याच वर्षी त्यांनी सरकारला निवेदन देऊन अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणाचा प्रश्न मांडला. केंद्र सरकारने त्यासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद केली. काही विद्यार्थी परदेशीही गेले. १९४४ पासून सुरू झालेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आजही चालू आहे. राजाच्या मर्जीवर, गुरुजींच्या ओळखीवर किंवा मित्राच्या उदारपणावर आपले शिक्षण अवलंबून होते, हे ते विसरले नव्हते. केळूसकर प्रत्येक मुलाला भेटत नाहीत, भथेना प्रत्येकाच्या खोलीशेजारी राहत नाही. म्हणून जे आपल्याला योगायोगाने मिळाले, ते पुढच्यांना हक्काने मिळावे, अशी व्यवस्था त्यांनी उभी केली.

१९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले, १९५० साली औरंगाबादला पुढे मिलिंद या नावाने ओळखले जाणारे महाविद्यालय सुरू झाले. सिद्धार्थचे वर्ग सकाळी भरत. दिवसा कचेरीत किंवा कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाला नोकरी न सोडता शिकता यावे, हा त्यामागचा हेतू. ज्याला नोकरी सोडावी लागत नाही त्याला कर्जही कमी काढावे लागते. पदवीपर्यंत पोचायला काय पडते, हे ज्याने स्वतः मोजले आहे, त्यालाच सकाळचे कॉलेज सुचते.

आता आपल्याकडे वळू. आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरी शिक्षणकर्जाची फाइल आहे. स्वतःसाठी नसली तर इंजिनिअरिंगला गेलेल्या भावासाठी किंवा नर्सिंगला गेलेल्या बहिणीसाठी. बँकांच्या शिक्षणकर्ज योजनेत अभ्यासक्रम संपल्यावर साधारण एक वर्षाची सवलत असते. व्याज तेव्हाही चढतच असते. वर्ष संपले की हप्ता सुरू. नोकरी लागली की नाही, हे कॅलेंडर विचारत नाही. एम. ए. करावे, संशोधन करावे, स्पर्धा परीक्षेला बसावे की मिळेल त्या पगारावर मिळेल तेथे चिकटावे, हा निर्णय मग मुलगा घेत नाही. हप्ता घेतो. आणि जामीनदार म्हणून सही असते ती बापाची, जो पीकपाण्याचा हिशेब जुळवताना आधीच मेटाकुटीला आलेला असतो. काळ बदलला, पौंडांच्या जागी रुपये आले, संस्थानाच्या जागी बँक आली. करारातले दुसऱ्या बाजूचे पान मात्र आजही कोरेच आहे. कर्जदार फेडील, हे लिहिलेले असते. त्याला फेडता येईल असे काम मिळेल, हे कोणी लिहून देत नाही.

कर्ज काढून शिकण्यात कमीपणा मुळीच नाही. बाबासाहेबांनी उसने घेतले, मागितले, पत्र लिहून सांगितले, आणि त्यात त्यांना लाज वाटली नाही. लाज वाटावी असे काही असेल तर ते वेगळे आहे. बुद्धिमान मुलाला केळूसकर भेटेपर्यंत वाट पाहावी लागते, याची लाज वाटावी. शिकलेल्या माणसाला काम न देता त्याच्याकडे वसुलीचे पत्र जाते, याची वाटावी.

म्हणून जयंतीच्या भाषणात बाबासाहेबांच्या गरिबीचा दाखला देऊन गरीब विद्यार्थ्याला सोसायला सांगणे, हे मला त्यांच्या चरित्राशी विसंगत वाटते. आपण सोसले म्हणून इतरांनीही सोसावे, असे ते कधी वागले नाहीत. सत्ता हाती येताच त्यांनी शिष्यवृत्ती मागितली, पैसा उभा राहताच कॉलेज काढले. ज्यांनी आपल्याला हात दिला त्यांचे ऋण त्यांनी त्यांच्यापाशी फेडले नाही. मागून येणाऱ्यांना हात देऊन फेडले.

आपल्यातला जो कोणी आज कर्जाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या आधाराने शिकतो आहे, त्याने बँकेचा हप्ता वेळेवर भरावा, हे तर झालेच. पण त्याने आणखी एक खाते मनात उघडून ठेवावे. त्यात जमा असते बापाचे जागरण, बहिणीचा गहाण पडलेला दागिना, आपल्या शब्दाखातर कोणीतरी घातलेली भीड. हे खाते देणाऱ्याच्या नावावर बंद होत नाही. उद्या आपल्या गावातला एखादा पोरगा प्रवेशाच्या फीसाठी दारात उभा राहील, तेव्हा त्याला आपण काय म्हणतो, यावर त्याचा हिशेब ठरेल.